कुशीवर वळलं की घर का फिरतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "वय ४६, राहायला नौपाड्यात, नोकरी बँकेत. तीन आठवड्यांपूर्वी पहाटे उजव्या कुशीवर वळले आणि पंखा, कपाट, भिंत सगळं गरगर फिरायला लागलं. थोड्या वेळाने थांबलं. तेव्हापासून रोज होतंय. काल माळ्यावरचा डबा काढायला मान वर केली तेव्हाही झालं. डॉक्टरांनी एक्स-रे बघून मानेचे मणके झिजलेत म्हणून पट्टा दिला आणि चक्करच्या गोळ्या सुरू केल्या. ऑफिसातल्या दोघींना हेच झालंय, नणंदेलाही. आमच्या वयात हे इतकं सर्रास असतं का, की मेंदूचं काही आहे? एमआरआय करून घेऊ का?"

आधी 'सर्रास' या शब्दाकडे वळण्यापूर्वी दुसऱ्याच एका शब्दाकडे तुमचं लक्ष वेधतो: 'उजव्या कुशीवर'. ठाण्यात कान-नाक-घशाचा दवाखाना चालवायला लागून मला वीस वर्षं होऊन गेली. पेशंट नुसतं "चक्कर येते" म्हणाला तर मला काहीच कळत नाही. "उजव्या कुशीवर वळलं की येते" म्हणाला, तर तो खुर्चीत टेकायच्या आत निम्मं निदान झालेलं असतं.

आपला चक्कर हा शब्द भलताच ढिला आहे. पटकन उठलं आणि डोळ्यांपुढे अंधारी आली, तीही चक्कर. चालताना पाय गादीवर पडल्यासारखे वाटतात, तीही चक्कर. उपासाच्या दिवशी हातपाय गळाले, तर तीसुद्धा. जुनी माणसं घेरी, भोवळ, गरगरणं असे वेगवेगळे शब्द वापरायची. ते डॉक्टरांच्या फार उपयोगाचे होते. तेव्हा मी विचारतो, "घर फिरतं की नुसतं डोकं हलकं होतं?" आणि दुसरा प्रश्न, "किती वेळ?" त्यावर बहुतेक जण "पाच-दहा मिनिटं" सांगतात. मग मी घड्याळ हातात घेतो आणि म्हणतो, डोळे मिटा, आत्ता सुरू झालं असं समजा, थांबलं की टेबलावर टिचकी मारा. टिचकी येते वीस-पंचवीस सेकंदांनी. माणूस खोटं सांगत नसतो, पण पायाखालची जमीन फिरत असली की सेकंदाचं मिनिट होतं. उरलेली दहा मिनिटं मळमळ आणि धास्ती यांची असतात.

कुशी बदलली, आडवं झालं, वर पाहिलं किंवा खाली वाकलं की सुरू होणारी आणि मिनिटाच्या आत थांबणारी गरगर, हिला आम्ही बीपीपीव्ही म्हणतो. बिनाइन पॅरॉक्सिस्मल पोझिशनल व्हर्टिगो. नाव लांबलचक आहे, अर्थ साधा: जिवाला धोका नसलेली, झटक्याने येणारी, डोक्याच्या स्थितीवर अवलंबून असलेली गरगर.

आता तुमचा मूळ प्रश्न. या विषयावर सगळ्यात जास्त उद्धृत होणारी पाहणी जर्मनीतली, २००७ साली प्रसिद्ध झालेली. त्यात सुमारे पाच हजार प्रौढांना विचारणा करून ज्यांना चक्कर येत होती त्यांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या होत्या. आयुष्यात कधी ना कधी हा त्रास झालेले निघाले शंभरात २.४. स्त्रियांमध्ये ३.२, पुरुषांमध्ये १.६, म्हणजे बायकांमध्ये बरोबर दुप्पट. एका वर्षात हा त्रास झालेल्यांचं प्रमाण चाळिशीच्या आतल्यांमध्ये ०.५ टक्के, चाळीस ते एकोणसाठ वयोगटात १.७ टक्के, आणि साठीच्या पुढे ३.४ टक्के. पहिल्यांदा त्रास झाला तेव्हाचं सरासरी वय ४९. ऐंशी वर्षांपर्यंत जगणाऱ्या दहा जणांपैकी जवळपास एकाला तो कधीतरी गाठतोच, असंही त्यांचं गणित होतं.

हे आकडे तिकडचे, इथे जसेच्या तसे चिकटवायचे नाहीत. पण अंदाजापुरते धरा. घोडबंदर रोडवरची एखादी मोठी सोसायटी घ्या, जिथे चाळिशी-पन्नाशीतली पाचशे माणसं राहतात. १.७ टक्क्यांच्या हिशेबाने त्यातल्या आठ-नऊ जणांना एका वर्षात हा त्रास होणार. एकाच लिफ्टमधून खालीवर करणाऱ्या दोघांना तो असेल आणि एकमेकांना पत्ता नसेल. तेव्हा ऑफिसातल्या दोघी आणि नणंद, यात मला नवल वाटत नाही. फक्त त्या तिघींची चक्कर हीच आहे असं न तपासता मी म्हणणार नाही. दवाखान्यात ओळखीच्या एकीचं निदान दुसरीला लावून येणारे पुष्कळ असतात, आणि त्यातली एखादी निघते बीपीच्या गोळीचा डोस जास्त झालेली.

त्याच पाहणीतला आणखी एक आकडा मला जास्त खटकतो. ज्यांना हा त्रास झाला त्यांच्यातल्या ८६ टक्के लोकांना डॉक्टर गाठावा लागला, कामं सोडावी लागली किंवा रजा टाकावी लागली. खरा इलाज मिळाला फक्त आठ टक्क्यांना. हे जर्मनीत! आपल्याकडे काय होतं ते तुमच्याच प्रश्नात आलंय: पट्टा आणि गोळ्या.

मानेचं आधी सांगतो, कारण तो गैरसमज ठाण्यापासून पनवेलपर्यंत घरोघरी आहे. चाळिशीनंतर कुणाच्याही मानेचा एक्स-रे काढा, मणक्यांच्या कडा थोड्याफार झिजलेल्या दिसणारच. माझ्याही दिसतील. केस पांढरे झाले तसंच ते. त्यावरून चक्कर मानेची ठरत नाही. माळ्यावरचा डबा काढताना मान वर होते, म्हणून संशय मानेवर जातो, पण मानेबरोबर डोकंही मागे कलतं हे कुणी ध्यानात घेत नाही. आणि अंथरुणात कुशीवर वळताना? तेव्हा धड आणि डोकं एकत्र वळतं, मान जवळपास पिळलीच जात नाही. तरी घर फिरतं. मान जागच्या जागी सरळ असताना गरगरतंय, तर गुन्हेगार मान कशी?

गुन्हेगार आहे कान, आणि तोही आतला. गवंड्याकडे पाणसळ असते ना, तशी आपल्या आतल्या कानात एक पिशवी आहे, युट्रिकल नावाची. डोकं किती कललंय ते ती सांगते. त्यासाठी तिच्यात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे एका चिकट थरात रुतवून ठेवलेले असतात. बारीक म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे. पिशवीला लागूनच तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत, पाण्यासारख्या द्रवाने भरलेल्या. डोकं फिरतंय का, हे ओळखण्याचं काम त्यांचं. वयाबरोबर हे खडे ठिसूळ होतात, सुटतात आणि एखाद्या नळीत जाऊन पडतात. तुम्ही कुशीवर वळता, खडे नळीच्या नव्या तळाकडे घरंगळतात, द्रव ओढला जातो आणि तो कान मेंदूला कळवतो, "डोकं फिरतंय." दुसरा कान म्हणतो, नाही. डोळे म्हणतात, आम्ही तर पंख्याकडे बघतोय. या भांडणात पंखा फिरल्यासारखा दिसतो. खडे तळाला बसले की भांडण मिटतं, म्हणून ते सेकंदांतच थांबतं. दहातल्या आठ-नऊ वेळा खडे मागच्या नळीत असतात, कारण उभ्या आणि आडव्या दोन्ही स्थितीत तीच सगळ्यात खाली येते.

मग चाळिशी-पन्नाशीतच हे का डोकं वर काढतं? ठिसूळपणाची ती सुरुवात असते, आणि बायकांमध्ये पाळी जाण्याच्या आसपास हाडांचं कॅल्शियम ढळतं त्याच सुमाराला खडेही ढळतात, असा संबंध बऱ्याच अभ्यासांत दिसलाय. हाडं विरळ झालेल्यांमध्ये आणि ड जीवनसत्त्व कमी असलेल्यांमध्ये हा त्रास जास्त आढळतो. उन्हाच्या देशात ड जीवनसत्त्व कमी कसं, असं लोक विचारतात. सूर्य डोक्यावर यायच्या आत लोकल पकडायची, दिवसभर एसीत बसायचं आणि अंधार पडल्यावर घरी यायचं, तर ऊन असून नसल्यासारखंच. याशिवाय डोक्याला मार, बरेच दिवस अंथरुणाला खिळणं, मायग्रेन, मधुमेह, आधी झालेला आतल्या कानाचा आजार. पण खरं सांगायचं तर निम्म्याहून अधिक पेशंटांत काहीच कारण सापडत नाही.

दिवाळीच्या साफसफाईत माझ्याकडे हे पेशंट थोडे वाढतात. खडे दिवाळी बघून सुटत नाहीत, पण स्टुलावर चढून माळा झाडताना मान मागे टाकली की आधीपासून सुटलेले खडे बोलायला लागतात. धोका त्या स्टुलाचा आहे, चक्करेचा नव्हे. मनगट मोडून आलेल्या दोन बायका मी पाहिल्यात.

निदान कसं होतं ते एका उदाहरणाने सांगतो. वाशीच्या मार्केटात कांद्याचा गाळा असलेले एक गृहस्थ आले होते, पन्नाशीतले. न्हाव्याच्या खुर्चीत मान मागे टाकल्यावर पहिल्यांदा गरगरलं होतं. अर्धांगाचा झटका म्हणून घरच्यांनी धावाधाव केली, एमआरआय झाला, तो स्वच्छ निघाला. पिशवीतून फिल्म काढून त्यांनी टेबलावर पसरल्या. मी त्यांना तपासणीच्या टेबलावर पाय पसरून बसवलं, डोकं उजवीकडे अर्धं वळवलं आणि त्याच स्थितीत झटकन मागे झोपवलं, डोकं टेबलाच्या कडेखाली जरासं लोंबेल असं. डोळे उघडे ठेवा म्हटलं. एक, दोन, तीन, चार सेकंद काहीच नाही. मग बुबुळं कपाळाकडे झटके देत, खालच्या कानाच्या दिशेने वळवळत नाचायला लागली. त्यांनी माझं मनगट करकचून धरलं. "साहेब, सोडू नका." अठरा सेकंदांत डोळे शांत झाले. याला डिक्स-हॉलपाइक तपासणी म्हणतात. १९५२ साली लंडनमध्ये डिक्स आणि हॉलपाइक या दोघांनी ती नीट मांडली. यंत्र लागत नाही, टेबल आणि दोन हात लागतात. आणि डोळ्यांकडे बघायची सवय.

तपासणी संपली तिथूनच इलाज सुरू होतो. त्याच लोंबत्या स्थितीतून डोकं सावकाश दुसऱ्या बाजूला वळवायचं, मग अख्खं अंग त्या कुशीवर घ्यायचं, नाक जमिनीकडे, आणि शेवटी उठवून बसवायचं. प्रत्येक टप्प्यावर अर्धा-एक मिनिट थांबायचं. खडे नळीतून घरंगळत पुन्हा पिशवीत जातात. ही एप्लीची पद्धत. पोर्टलंडमधल्या एप्ली या डॉक्टरांनी १९८० च्या सुमारास ती मांडली तेव्हा डॉक्टरमंडळींनी फारसं मनावर घेतलं नाही. त्यांचा गाजलेला लेख यायला १९९२ उजाडलं. मला त्यात नवल वाटत नाही. इतका त्रासदायक आजार डोकं फिरवून जातो म्हटलं की मांत्रिकाचा वास येतोच. गाळेवाल्यांना मी पुन्हा तसंच झोपवलं. डोळे जागचे हलले नाहीत. ते उठून बसले, फिल्मकडे बघितलं आणि म्हणाले, "एवढंच? मग हे फोटो कशाला काढले?"

एका बैठकीत दहातल्या साधारण आठ जणांचं काम होतं. उरलेल्यांना आठवड्याने पुन्हा करावं लागतं. नंतर दोन-चार दिवस बोटीतून उतरल्यासारखं वाटतं, ते आपोआप जातं. पूर्वी आम्ही "दोन रात्री बसून झोपा" असं सांगायचो. त्याची गरज नसते हे आता सिद्ध झालंय, तेव्हा खुशाल झोपा. खडे आडव्या नळीत असतील तर दोन्ही कुशींवर गरगरतं आणि उपाय वेगळा असतो: शेगडीवर कणीस फिरवून भाजतात तसं माणसाला आडवं ठेवून पूर्ण फिरवायचं. म्हणून कुठली नळी आणि कुठला कान हे ठरल्याशिवाय व्हिडिओ बघून घरी कोलांट्या मारू नका. एकदा ठरलं आणि हात बसला, की पुढच्या वेळी घरच्या पलंगावर करायला मीच शिकवतो.

गोळ्यांबद्दल. बीटाहिस्टिन, सिनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन यांपैकी एकही गोळी नळीतला खडा हलवत नाही. फार तर उलटीची भावना दबते, तीही दोन-तीन दिवसांपुरती. हे मी कोरडेपणाने सांगतोय, पण शिकलो स्वतःच्या चुकीतून. दवाखाना नवा होता तेव्हा माझ्याच मावशीला मी सिनारिझिन सुरू करून दिलं आणि "बरं वाटेपर्यंत घे" म्हणालो. तिने ते आठ महिने घेतलं. गणपतीत भेटली तेव्हा आरतीचं तबक तिच्या हातात थरथरत होतं, चालणं आखडलं होतं. घरचे म्हणाले, वय झालं. वय नव्हतं, गोळी होती. वयस्कर माणसांत ही गोळी फार दिवस चालली की कंपवातासारखी लक्षणं येतात हे पुस्तकात मी वाचलेलं होतं. गोळी बंद केल्यावर काही महिन्यांत थरथर गेली. तिची चक्कर ही खड्यांचीच होती, तेही मी तोवर तपासलं नव्हतं. तुम्ही गोळ्या तीन आठवडे घेताय. त्या देणाऱ्या डॉक्टरांशी बोला आणि थांबवायचं बघा. बीपी-शुगरच्या गोळ्यांना मात्र हात लावू नका.

एमआरआय? तपासणीत डोळे मी वर सांगितलं तसे नाचले तर गरज नाही. तुमच्या वर्णनात तरी मला मेंदूकडे बोट दाखवणारं काही दिसत नाही. पण चक्कर न थांबता तासन् तास चालू राहिली, आधार घेऊनही उभं राहता आलं नाही, बोलणं बोबडं झालं, एकाची दोन दिसायला लागली, चेहरा किंवा हात-पाय एका बाजूने लुळा पडला, कधी नव्हे असं प्रचंड डोकं दुखलं, तर कुणाच्या सल्ल्याची वाट बघायची नाही, सरळ मोठ्या इस्पितळाच्या इमर्जन्सीत जायचं. चक्करेबरोबर एका कानाने एकाएकी ऐकू येईनासं झालं तर त्याच किंवा दुसऱ्या दिवशी कानाचा डॉक्टर गाठायचा, कारण त्यावरचं औषध वेळेत सुरू झालं तरच उपयोग होतो. चक्कर अर्धा तास, चार तास टिकते, सोबत कानात गुणगुण आणि दडे बसतात, तर तो मेनिएरचा आजार असू शकतो. उजेड-आवाज नको वाटतो आणि मायग्रेनचा इतिहास आहे, तर चक्कर मायग्रेनची. अंथरुणातून उठून उभं राहिल्यावरच अंधारी येते, पडल्या पडल्या कूस बदलताना काही होत नाही, तर आधी उभ्याने बीपी मोजा.

बरं झाल्यावर पुन्हा होतं का? होतं. पाच वर्षांत जवळपास निम्म्या लोकांना. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर दुसऱ्या वेळी लोक "इलाज चुकला" म्हणून दुसरीकडे जातात आणि परत पट्टा घेऊन येतात. कोरियात साडेनऊशेच्या वर पेशंटांवर झालेला एक अभ्यास २०२० मध्ये आला. ड जीवनसत्त्व कमी असलेल्यांना ते आणि कॅल्शियम वर्षभर दिलं, तर पुन्हा होण्याचं प्रमाण सुमारे चोवीस टक्क्यांनी घटलं. म्हणून मी ड जीवनसत्त्वाची रक्ततपासणी सांगतो, आणि कमी असेल तरच औषध देतो. मनाने आठवड्याच्या पुड्या वर्षानुवर्षं घेऊ नका, त्या अंगावर येतात.

तोवर पट्टा काढून ठेवा. मान ताठ धरून बसलात तर स्नायू आखडून नवीनच दुखणं लागतं. डाव्या कुशीने उठा, काठावर अर्धं मिनिट बसा, मग पाय खाली टाका. योगाच्या वर्गात सर्वांगासन, हलासन काही दिवस नको, बाकीचं चालेल. माळ्याचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी सांगा.

आणि जवळच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे याच आठवड्यात जा. वेळ घेतानाच विचारा, "टेबलावर झोपवून डोळ्यांची तपासणी करता ना?" जायच्या आधी दोन दिवस चक्करची गोळी बंद असलेली चांगली, नाहीतर डोळ्यांचं नाचणं दबतं आणि तपासणी फसवते. भरल्या पोटी जाऊ नका, उलटी होऊ शकते. मानेचं मोठं ऑपरेशन किंवा संधिवात असेल तर झोपवण्याआधी सांगा. स्कूटर घरी ठेवा आणि सोबत कुणाला तरी न्या. नणंद मोकळी असेल तर तिलाच न्या, तिचीही तपासणी त्याच टेबलावर पाच मिनिटांत होऊन जाईल.